चाकावरचा गमछा

बुऱ्हाणपुरातली जुनी भुयारं नव्या यंत्रणेला जोडायचं काम चालू होतं, तेव्हाची ही गोष्ट. कल्पना वाईट नव्हती. जमिनीखाली एकामागून एक कुंड्या, म्हणजे विहिरीसारखे खोल हौद, मधल्या भुयारांतून वाहणारं डोंगराचं पाणी. नवे बोअर खोदण्यापेक्षा हेच जपून वापरावं, यात चूक ती काय? खालची कुंडी रिकामी झाली की वरच्या कुंडीचा दरवाजा आपोआप उघडेल, थेंबही वाया जाणार नाही, असं काम घेतलेल्या कंपनीच्या इंजिनियर श्रीकांतने तिथल्या लालबाग वस्तीत मांडव घालून सांगितलं. टाळ्या पडल्या. उखर्डूनेही वाजवल्या.

उखर्डू भुयारातला चुना फोडायचा. इथलं पाणी जड. भिंतींवर चुन्याचे थर चढतात आणि वाट आवळत जाते. वरचा दरवाजा बंद करायचा, खालची कुंडी उपसायची आणि छिन्नी घेऊन वाकून आत शिरायचं. त्याआधी दरवाजाच्या लोखंडी चाकाला आपला गमछा बांधायचा. गमछा दिसला की चाकाला कोणी हात लावत नसे. ही रीत लालबागेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. श्रीकांतच्या लोकांनी ती कधी विचारली नाही. त्यांनी त्याच चाकाला मोटर बसवली आणि निघून गेले.

मोटर बसल्यावर उखर्डू पहिल्यांदाच उतरत होता. त्याची बायको सोजरबाई नेहमीसारखी वर चाकापाशी बसली.

"आता मशीन आहे म्हणे," ती म्हणाली. "हापिसात सांगून तर या."

"मशीन असू दे. गमछा बांधेल आहे ना? मग कोण हात लावतो?" उखर्डू हसला आणि खाली उतरला.

कुंडी तर त्यानेच उपसून कोरडी केली होती. यंत्राला तेवढंच कळत होतं.

सोजरबाईला आधी घरघर ऐकू आली. मग चाक फिरायला लागलं, गमछ्यासकट. तिने ते दोन्ही हातांनी धरलं, अंगाचा भार टाकला. चाकाने तिला बाजूला फेकलं. "अहो, निघा! पाणी येऊ रायलं!" ती कुंडीत वाकून ओरडली आणि श्रीकांतला फोन लावला.

"काकू, मी चालू नाही केलं. सिस्टीम अपने आप चालते."

"मग बंद कर ना, बाबा! माणूस आत आहे!"

"करतो, करतो... पासवर्ड मांगतंय."

खालून येणारा छिन्नीचा आवाज थांबला होता.

दरवाजा बंद झाला तोवर खालची कुंडी भरली होती. पुढे चौकशीत ठरलं की उतरण्याआधी उखर्डूने ॲपवर नोंद करायला हवी होती. त्याच्याकडे बटणांचा फोन होता, आणि ॲपचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. हे ऐकून माझं डोकं फिरलं, अजूनही फिरतं. शहराचं पाणी वाचवायला निघालेल्या एकालाही खाली माणूस उतरतो हे आठवू नये?

उखर्डूचे दिवस झाल्यावर सोजरबाई गमछा सोडायला गेली. तिला बराच वेळ लागला. चाक एवढं फिरलं, तरी गाठ सैल झाली नव्हती. उखर्डूने ती नीट बांधली होती.