पपई रंगाची भिंत

घरातली एकच भिंत भडक रंगवली की घरात पुन्हा जीव येतो. हे ठामपणे सांगणारा रंगाच्या दुकानातला विक्रेता होता, आणि त्याच्या स्वतःच्या घराला अकरा वर्षांत प्लास्टरसुद्धा झालं नव्हतं.

नोएमीनं मात्र ते मनावर घेतलं. तिचा नवरा फिदेन्सियो दीड वर्षापूर्वी ट्रक घेऊन उत्तरेला गेला, तो गेलाच. लुटलेला ट्रक सापडला, पण फोन नाही, निरोप नाही, प्रेतही नाही. तिच्या सासूचं, गल्ली जिला मानानं 'दोन्या' म्हणे त्या एदुविखेसचं गणित सरळ होतं: प्रेत नाही, म्हणजे मुलगा आहे. गेल्या नोव्हेंबरात अख्ख्या गल्लीनं मेलेल्यांना घराची वाट सापडावी म्हणून फोटोंभोवती झेंडूची आरास मांडली. या घरात तिनं पाकळीसुद्धा येऊ दिली नाही. फिदेन्सियोचा फोटो भिंतीवर होता, पण जिवंत माणसाचा असावा तसा, कॅलेंडरच्या शेजारी.

नोएमीनं फोटो उतरवला, भिंत रंगवली, फोटो पुन्हा टांगला. कॅलेंडर राहूनच गेलं.

एदुविखेस बाजारातून आली आणि दारातच थबकली.

"हा कसला रंग गं?"

"पपई. डब्यावरच लिहिलंय, 'पिकलेली पपई'."

"साठ वर्षं झेंडू लावलाय मी, त्याचा रंग ओळखते. मला पपई शिकवू नकोस."

"अहो सासूबाई, बाकीच्या तीन भिंती पांढऱ्याच आहेत की!"

"म्हणजे तीन भिंतींना माझा मुलगा जिवंत आणि चौथीला मेला?"

नोएमी बोटांवरचा रंग खरवडत राहिली. "ओलं आहे अजून," ती म्हणाली. "हात नका लावू."

दुसऱ्या दिवशी दोन नोव्हेंबर, मेलेल्यांचा दिवस. वास जावा म्हणून दार सताड उघडं होतं. फिदेन्सियोची धर्ममाता क्लेता स्मशानाकडे निघाली होती. रस्त्यावरूनच तिला केशरी भिंत आणि मधोमध फोटो दिसला. ती तडक आत आली.

"केलंस बाई शेवटी! आता त्याला घराची वाट सापडेल."

"अगं क्लेता, पपई आहे ती!" एदुविखेस म्हणाली.

"हो ना, फार आवडायची त्याला."

"आवडते म्हण."

क्लेतानं मेणबत्ती लावली. दुपारपर्यंत भिंतीखाली नऊ मेणबत्त्या झाल्या, गोड पाव आले, कुणी खरोखरच कापलेली पपई ठेवून गेलं. एदुविखेस प्रत्येकाला रंगाचा रिकामा डबा दाखवत होती. लोक डब्याकडे बघून मान हलवायचे आणि तिला मिठी मारायचे.

मग टाचो आला. फिदेन्सियोच्या ट्रकवरचा जोडीदार. दीड वर्षात या दाराकडे त्यानं पाऊल वळवलं नव्हतं. गाडी लुटली तेव्हा आपण आधीच उतरलो होतो, एवढंच तो सगळ्यांना सांगायचा. त्यानं टोपी काढली.

"तुम्हाला कळलंच आहे तर सांगतो, दोन्या. मी उतरलो नव्हतो. मीच पुरलं त्याला, हातांनी. ती माणसं गेल्यावर. मैलाच्या दगडाजवळ. जागा दाखवतो मी."

एदुविखेसनं डबा हळूच जमिनीवर ठेवला, ॲप्रन सोडला, पायात चपला सरकवल्या आणि ती थेट रंगाच्या दुकानात गेली.

"पांढरा द्या. एक डबा."

"भिंतीला की कबरीला?" विक्रेत्यानं सवयीनं विचारलं.

उत्तराची गरजच पडली नाही. आठवडाभर सगळं गाव कबरी रंगवत होतं. पांढरा रंग कालच संपला होता.