डोराच्या नवऱ्याला समन्स

डोरा सँडलरच्या नवऱ्याला वॉशिंग्टनचं समन्स आलं, त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. ते अजून थांबलेलं नाही. काळ हे औषध आहे म्हणतात. असेल, पण मला काही लागू पडलेलं नाही.

साल त्रेपन्न. ब्राँक्समधल्या आमच्या इमारती आम्हीच बांधलेल्या, म्हणजे शिवणकाम आणि टोप्या करणाऱ्या कामगारांनी वर्गणी काढून. तिथे कम्युनिस्ट असण्यात नवल काहीच नव्हतं, नसणाऱ्याकडे लोक वळून बघायचे. कम्युनिस्टांना हुडकणाऱ्या सरकारी समितीच्या नावाने सगळ्या देशाची गाळण उडायची, आमचीही उडायची. पण समितीने एखाद्याला बोलावलं आणि तो तिथे कोणाचंही नाव न घेता परत आला, की त्याची नोकरी जायची आणि इमारतीत त्याचा मान असा वाढायचा की विचारू नका. लोक त्याच्या दारात केक ठेवून जायचे. अंगणातल्या बाकावर म्हातारे त्याला उठून जागा द्यायचे.

हा मान व्हिक्टर सँडलरला मिळाला. म्हणजे खरं तर डोराला मिळाला, कारण व्हिक्टर घराबाहेर पडतच नव्हता.

माझा नवरा हेश आणि व्हिक्टर दोघं मिळून टीव्हीवरची एक काउबॉय मालिका लिहायचे. ‘शेरीफ कॅल्डर’. दर शनिवारी सकाळी देशभरातली पोरं मक्याचे पोहे दुधात घालून ती बघत बसायची आणि त्या पोह्यांची कंपनीच मालिकेचे पैसे द्यायची. कंपनीला एवढंच कळलं नव्हतं, की या मालिकेत चोर कधीच साधा चोर नसतो. तो बँकेचा मालक असतो, नाहीतर रेल्वेचा. काउबॉय म्हणजे घोड्यावर बसलेला पगारी मजूर, असं व्हिक्टर म्हणायचा. टेक्सासमध्ये काउबॉयांनी संप केला होता, हे आमच्या इमारतीतल्या पोरांनाही पाठ होतं. एका भागात गावातल्या सगळ्यांनी मिळून पाण्याभोवतीचं मालकाचं कुंपण उपटून टाकलं, तेव्हा आमच्या चारही मजल्यांवरून टाळ्या ऐकू आल्या होत्या.

तर या मालिकेत शेरीफचं काम करणारा क्लिफर्ड नाय, उंच, देखणा, तोंडात साखर. तो समितीपुढे गेला आणि त्याने नावं घेतली. आमच्या अभ्यासमंडळातल्या लोकांची नावं. रेडिओ-टीव्हीवाल्यांचं ते मंडळ गुपचूप जमायचं, आणि जमायचं कुठे? माझ्या घरी! माझ्या सोफ्यावर बसून, माझी कॉफी पिऊन सहा वर्षं या लोकांनी जगाचा विचार केला होता. नंतर कप मी धुवायचे. आणि पेपरात छापून आलं की बैठका व्हिक्टर सँडलरच्या घरी व्हायच्या. आमचं लिपकिन हे नाव कुठेही नव्हतं.

वाचलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या दिवशी जिन्यात डोरा भेटली, तिच्या हातात कोणीतरी दिलेली फुलं होती, आणि तो भांड्यात पडलेला जीव पुन्हा वर आला.

“हेश, अरे, घर आपलं होतं ना?” मी रात्रीच्या जेवणाला त्याला म्हटलं.

“चूक झाली असेल क्लिफर्डची.” हेशने ताटातून मान वर केली नाही.

“सहा वर्षं जिथे येऊन खाल्लं ते घर विसरला?”

“मिन्ना, सूप निवतंय.”

पुढचे महिने कसे गेले ते माझं मला माहीत. व्हिक्टरची नोकरी गेली, हेशची राहिली. लोकांनी दोन अधिक दोन केले आणि उत्तर पाच काढलं. तळघरातल्या धुण्याच्या खोलीत मी शिरले की बायका गप्प व्हायच्या. एकदा ब्लूमा गिटेलसन माझ्याकडे पाठ करून, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “दोघं एकाच टेबलावर लिहायचे म्हणे. मग शाई एकाच्याच अंगावर कशी गं उडाली?”

दुसरी म्हणाली, “काहींना आधीच बाजूला सरकायला सांगतात.”

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. समितीला नावं पुरवणारा हेश! अहो, ज्या माणसाला दुकानदाराकडे उरलेली मोड मागायची भीड वाटते तो! आमच्या इमारतीच्या मेंडोलिन वाद्यवृंदात मी अकरा वर्षं पहिल्या रांगेत वाजवत होते. मला सांगण्यात आलं की थोडी विश्रांती घे. माझ्या जागी कोण? डोरा. जिला तालाचा आणि सुराचा दोन्हीचा पत्ता नाही, ती डोरा. ती चुकायची आणि लोक डोळे पुसायचे, बिचारी मनाने किती थकलीय म्हणून!

आणि हेश दर गुरुवारी संध्याकाळी तिच्याच घरी. “व्हिक्टरशी बुद्धिबळ खेळतो,” म्हणायचा. बरा तास-दोन तास खेळायचा. मी खिडकीतून समोरच्या बाजूचा त्यांचा दिवा बघत बसायचे. व्हिक्टरशी खेळतोस की डोराचं सांत्वन करतोस, हे माझ्या ओठांवर किती वेळा आलं असेल. एकदा तर बोललेच. हेश नुसता हसला, ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

शेवटी मी ठरवलं की ज्याने हे केलं त्यालाच विचारायचं. क्वीन्समध्ये एका नव्या सुपरमार्केटच्या उद्घाटनाला शेरीफ कॅल्डर येणार, अशी जाहिरात होती. गेले. पोरांच्या रांगेत उभी राहिले. माझ्या पुढे आठ-दहा वर्षांची चिल्लीपिल्ली, कमरेला खेळण्यातली पिस्तुलं. टेबलामागे क्लिफर्ड, छातीवर पत्र्याचा तारा, पोहे कंपनीच्या खोक्यांच्या ढिगाशेजारी. सही देता देता मान वर न करता त्याने विचारलं, “कोणाचं नाव लिहू?”

“नावांच्या बाबतीत मी काय सांगणार तुला? तुझा हात धरणारं कोणी आहे का?”

त्याने वर बघितलं. रंगवलेल्या चेहऱ्याखाली माणूस पांढराफटक पडला.

“मिन्ना, हळू बोल. पोरं आहेत.”

“असू देत. शेरीफ काय करतो ते त्यांनाही कळू दे. माझं घर का नाही सांगितलंस? माझ्याकडे खायला बरं होतं, सांगायला वाईट?”

“तू हे विचारायला आलीस?” त्याला खरंच हसावं की रडावं कळेना. “लोक माझ्या तोंडावर थुंकतात, का सांगितलंस म्हणून. आणि तू म्हणतेस, का नाही सांगितलंस!”

“उत्तर दे.”

मागची पोरं ढकलायला लागली होती. तो पुढे वाकला. “जायच्या आदल्या दिवशी मी व्हिक्टरकडे गेलो होतो. म्हटलं, मी फुटणार आहे, घरही सांगावं लागेल. तो म्हणाला, घर माझं सांग. लिपकिनांचं नाव तोंडातून काढू नकोस.”

“का?”

“ते मी नाही विचारलं. ज्याचा गळा कापायचा त्यालाच कारणं कशी विचारणार?”

परतीच्या गाडीत माझं डोकं भणभणत होतं. म्हणजे हे ठरवून झालं होतं! घर माझं, कॉफी माझी, आणि बहाद्दरी सँडलरांची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. त्याच रविवारी दुपारी इमारतीच्या सभागृहात व्हिक्टरचा सत्कार होता; घ्यायला अर्थात डोराच येणार होती. मी मनात भाषण तयार केलं. भाषण कसलं, एकच वाक्य: बैठका माझ्या घरी व्हायच्या. बास. मग बघू ब्लूमा गिटेलसनचं तोंड.

सभागृह भरलं होतं. वाद्यवृंदाने तीन गाणी वाजवली, डोरा तिन्हींत चुकली. हेश शेवटच्या रांगेत एकटा बसला होता, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. अध्यक्षांनी विचारलं, कोणाला बोलायचंय का? मी हात वर केला. सगळ्या माना वळल्या. मी दोन पावलं टाकली असतील नसतील, तोच कोणीतरी माझा दंड धरला.

डोरा होती. “एक मिनिट, कॉम्रेड,” ती हसून अध्यक्षांना म्हणाली आणि मला ओढतच बाजूच्या स्वयंपाकघरात घेऊन गेली. दार लावलं.

“काय बोलणार आहेस?”

“खरं.”

“क्वीन्सला गेली होतीस ना? क्लिफर्डने व्हिक्टरला फोन केला.” “मिन्ना, पाण्याभोवतीचं कुंपण उपटायचा भाग कोणी लिहिला होता?”

“दोघांनी.”

“आणि मागच्या शनिवारचा? खाणीतल्या चिनी मजुरांचा?”

“हेशने. आता एकटाच तर लिहितो तो.”

“व्हिक्टरने लिहिला. आमच्या मागच्या खोलीत बसून. दर गुरुवारी हेश येतो, कागद कोटाच्या आत घालून नेतो आणि स्वतःच्या नावाने देतो. मिळतं ते अर्धं अर्धं. तुला काय वाटलं, आमच्याकडे बुद्धिबळाचा पट तरी आहे का?”

मी ओट्याला टेकले.

“दोघांतला एक तरी बाहेर राहायला हवा होता,” ती म्हणाली. “दोघंही बुडाले असते तर दोन्ही घरच्या चुली बंद. व्हिक्टर म्हणाला, मला गप्प बसता येतं, हेशला हसतमुखाने कंपनीत जाता येतं. म्हणून तसं वाटून घेतलं. लोक हेशला नावं ठेवतात ते आम्हाला दिसत नाही का? पण जोवर लोक त्याच्यावर थुंकतात तोवर कंपनी त्याच्यावर विश्वास ठेवते. आता बाहेर जाऊन बोल. मागच्या भिंतीशी दोन सरकारी पाहुणे बसलेत, टोप्यासुद्धा न काढता. त्यांनाही ऐकायचंच आहे.”

“मला का नाही सांगितलंत?”

डोरा ओट्यावरचे कप एकात एक घालायला लागली.

“डोरा, मला का नाही सांगितलं?”

“हेश नको म्हणाला.” तिने नजर चुकवली. “म्हणाला, मिन्नाच्या तोंडात तीळ भिजत नाही.”

फुलं, केक, पहिली रांग, त्या सगळ्यांनी मिळून मला जेवढं जाळलं नव्हतं तेवढं या एका वाक्याने जाळलं. माझ्या नवऱ्याचं गुपित. माझ्याच घराचं गुपित. ते डोराला ठाऊक, व्हिक्टरला ठाऊक. आणि मी खिडकीत बसून त्यांचा दिवा बघतेय! लग्नाला सतरा वर्षं झाली होती आमच्या. हेशने माझ्यापेक्षा हिच्यावर जास्त भरवसा ठेवला होता. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, मी आत्ता जे बोलायला निघाले होते त्यावरून त्याचं खरंच होतं.

दारावर टकटक झाली. “कॉम्रेड मिन्ना, लोक थांबलेत.”

मी बाहेर आले. व्यासपीठावर जाऊन उभी राहिले. भिंतीशी दोन टोप्या दिसल्या. शेवटच्या रांगेत हेश दिसला, त्याने माझं तोंड बघितलं आणि हळूहळू डोळे मिटून घेतले. दात उपटून घ्यायला बसलेला माणूस मिटतो तसे. त्याला खात्रीच होती.

“मला एवढंच सांगायचंय,” मी म्हटलं, “व्हिक्टर आणि डोरा शूर आहेत. आम्ही नाही. त्यांनी आम्हाला किती वेळा बोलावलं, आमच्या बैठकांना या म्हणून. आम्ही कधी गेलो नाही. मला भीती वाटली. मीच हेशला जाऊ दिलं नाही.”

मग ब्लूमा गिटेलसनचा आवाज आला, “चला, निदान खरं तरी बोलली.”

हेशने डोळे उघडले. तो माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याला पहिल्यांदाच दिसले. बघ म्हणावं. आता बघ.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली डोरा ढसाढसा रडायला लागली. झालं! चार बायका तिच्याकडे धावल्या. एकीने तिचा हात धरला, दुसरीने पाणी आणलं. “मोठ्या मनाची गं बाई तू,” तिला म्हणत होत्या, “अशा लोकांसाठीसुद्धा रडतेस.” मला कोणी पाणीही विचारलं नाही. मी माझी मी खाली उतरले आणि हेशच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले.