अधिक महिन्यातला खो-खो

परळीतल्या पोरांना पळायला जागा उरलेली नाही, हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं की बोट वीज केंद्राच्या राखेनं करडं होतं. मे महिन्यात सकाळी नऊलाच ऊन अंगावर येतं. गल्लीमागं एकच मैदान होतं, ते राखेच्या टिप्परांनी पार्किंग करून खाल्लं. मग आईबाप पोरांना दोन खोल्यांत कोंडतात, हातात मोबाइल देतात, आणि वर आल्यागेल्यापुढं रडतात की पोरगं जागचं हलत नाही.

धनश्रीचं डोकं याच गोष्टीवरून फिरायचं. ती बी.पी.एड. झालेली, विद्यापीठाकडून खो-खो खेळलेली आणि शिक्षक भरतीची वाट बघत तीन वर्षं घरी बसलेली. थोरल्या भावाची, तानाजीची, पोरगी संस्कृती नऊ वर्षांची. दोन जिने चढली की कठडा धरून धापा टाकायची. डॉक्टरनं तपासून सांगितलं, आजार काही नाही, हिला रोज पळवा.

"कुठं पळवू? तुमच्या टेबलावर?" धनश्रीनं विचारलं होतं. डॉक्टर हसला. ती हसली नव्हती.

रस्ता सापडला तो भिंतीवरच्या पंचांगात. मेच्या मध्यावर अधिक महिना लागत होता. धोंड्याचा महिना म्हणजे जावयांची चंगळ आणि लग्नांना सुट्टी. गल्लीच्या तोंडालाच माजी नगरसेवक मोहनरावांचं मंगल कार्यालय होतं. तीन हजार फुटांचा हॉल, वर सोळा पंखे, आणि महिनाभर आत चिटपाखरू नाही. धनश्री सरळ मोहनरावांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली.

"काका, हॉल रिकामाच हाय. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास पोरांना खेळू द्या."

मोहनरावांनी मिशीवरून बोट फिरवलं. पोरांना मत नसतं, पण पोरांच्या आईबापांना असतं. ते म्हणाले, "खेळवा. पन फरशी राजस्थानातनं आनलीय मी. तिला ओरखडा आला, न्हाईतर कुनाची एक तक्रार आली, की त्याच दिवशी कुलूप. मग माझ्या दारात रडत यायचं न्हाई."

"रडनारी मी न्हाईच," धनश्री म्हणाली.

कार्यालयाचा राखणदार धोंडीराम. किल्ली त्याच्या करदोट्याला असायची. धनश्रीनं त्याला एकच प्रश्न विचारला, "मामा, महिनाभर एखादं लग्न हाय का?"

"अधिकात कोन लग्न लावतंय, येडी का खुळी तू?" धोंडीराम म्हणाला. विषय तिथंच संपला.

पहिल्या दिवशी सहा पोरं आली, आठवड्यात बावीस झाली. खेळाचं सामान विकत आणायला पैसे कुणाकडं होते? पण मंगल कार्यालयात सामानाला काय तोटा. पाहुण्यांच्या गाद्या जोडून कोलांटउड्या सुरू झाल्या. लोड रांगेनं मांडून त्यांच्यावरून उड्या. चौरंगावर एक पाय वर, एक पाय खाली, शंभर वेळा. प्लास्टिकच्या खुर्च्यांतून नागमोडी पळणं. नवरानवरीच्या मधे धरायचा अंतरपाट दोन खांबांना बांधला आणि त्याच्यावरून फुगा मारायचा खेळ निघाला. धोंडीराम आधी कुरकुरला. मग तोच फुगे फुगवून द्यायला लागला, आणि दोन दिवसांनी एका बाजूनं खेळायला लागला. वय बासष्ट, पण हरला की रुसायचा.

खो-खोला मात्र रेघा लागतात. खडूनं आखल्या तर पोरांच्या तळव्यांनी तासाभरात पुसल्या जायच्या, आणि कोण रेघेवर बसलं, कोण बाहेर, यावरून रोज भांडण. धोंडीरामच्या खोलीत फाटकाचा उरलेला पिवळा ऑइलपेंट होता. धनश्रीनं डबा हलवून बघितला.

"पेंट?" धोंडीरामनं डोळे मोठे केले. "मालक मला उलटा टांगतील."

"महिना संपायच्या आदल्या दिवशी टर्पेंटाइननं काढून टाकू. तवर कोन बघतंय?"

मागच्या अर्ध्या हॉलात पांढऱ्याशुभ्र फरशीवर पिवळं मैदान आखलं. दोन पत्र्याच्या डब्यांत सिमेंट भरून बांबू उभे केले. संस्कृती पंधराव्या दिवशी दोन जिने एका दमात चढली आणि वर जाऊन विचारायला लागली, "तिसरा कुठं हाय?"

जूनच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी पाचला कार्यालयाच्या दारात एक टेम्पो उभा राहिला. त्यातून बिर्याणीचे सहा मोठे तांब्याचे देग उतरले, मग सरपण, मग आचारी, आणि शेवटी इरशाद. स्टेशन रोडला त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. इरशाद आत आला आणि दारातच थबकला. आत बावीस पोरं, गाद्यांचा डोंगर, फुगे, आणि मागं फरशीवर पिवळ्या रेघा.

"हे काय हाय बे धोंडीराम?"

"खो-खो," धोंडीराम म्हणाला. त्याच्या बगलेत फुगा होता.

"उद्या माझ्या बहिनीचा निकाह हाय इथं. हीनाचा. अब्बांनी रमजानच्या आधी, शाबानातच हॉल धरलाय, मोहनरावांना फोन करून. मोहरमात निकाह करत न्हाईत, आन त्याच्या आत एवढाच इतवार जमत होता."

इरशादचे अब्बा धनश्रीला चांगले माहीत होते. रहीमचाचा, जुन्या बसस्टँडजवळचे फळवाले. लहानपणापासून ती त्यांच्याकडून आंबे घेत आली होती. अधिक महिन्यात लग्न नसतं, हे तिला माहीत होतं, धोंडीरामला माहीत होतं, मोहनरावांनाही एवढं माहीत होतं की ते स्वतः घेतलेला फोन विसरले. अर्ध्या गावाचं पंचांग वेगळं आहे, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. एका गल्लीच्या अंतरावर राहून.

"चूक माझी हाय, इरशादभाई," ती म्हणाली. "तासाभरात सगळं उचलते. रेघा रात्रीतनं घासून काढते."

"ऑइलपेंट हाय हा. रात्रीत निघत न्हाई, फरशी पिवळी होते फकस्त. मला सांगता का?" इरशादनं खिशातून मोबाइल काढला. "मी मोहनरावांनाच विचारतो. चार महिन्यांपासून आमी हॉल धरलाय."

तो खोटं बोलत नव्हता. एक फोन, आणि कुलूप. पोरांनाही ते कळलं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी दोघंतिघं गाद्या उचलायला लागली.

तेवढ्यात रिक्षातून बीबीजान उतरल्या, रहीमचाचांच्या आई. वय पंच्याहत्तरच्या पुढं, पण हॉल बघायला स्वतः आलेल्या. काठी टेकत आत आल्या आणि लोडांच्या रांगेतल्या एकावर बसल्या.

"फोन ठेव रे आधी. हे पिवळं काय मांडलंय?"

धनश्रीनं सगळं सांगितलं, काहीच लपवलं नाही. कुलपाची अट पण सांगितली. बीबीजान ऐकत होत्या आणि संस्कृतीकडं बघत होत्या. ती बांबूला धरून एका पायावर उभी होती.

"मागच्या शादीत," बीबीजान म्हणाल्या, "आमचा एक पोरगा पळता पळता देगावर गेला. हात भाजला त्याचा, अजून डाग हाय. उद्या पन्नास लेकरं येनार. बाया गप्पा मारत बसतात, मरदांना जेवनाची घाई. लेकरं कोन बघनार? तू बघ."

"मी?"

"मग काय इरशाद बघनार? मागचा निम्मा हॉल तुझा. लेकरू देगाकडं फिरकलं न्हाई पायजे. आन निकाहाच्या वक्ताला आवाज न्हाई पायजे. एवढं कर, आमची काय तक्रार न्हाई."

"दादी, आन तो मधला पडदा?" इरशाद अंतरपाटाकडं बघत म्हणाला.

"राहू दे. बाया आन मरदांच्या मधे आमाला लागतोच."

धनश्रीनं हुश्श केलं. पण बीबीजान उठल्या नव्हत्या. त्यांनी बावीस पोरांवरून नजर फिरवली आणि सहज विचारलं, "बेटी, यात आमच्या गल्लीतलं एकबी न्हाई. कावून?"

तिनं कुणाला नको म्हटलं नव्हतं. बोलावलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुढच्या अर्ध्या हॉलात सतरंज्या, गुलाबाच्या माळा, अत्तराचा वास. मागच्या अर्ध्यात बाहत्तर पोरं. शेरवानीतली, घागऱ्यातली आणि धनश्रीची रोजची चड्डी-बनियनवाली. एका घागरेवालीनं घागरा गुडघ्यापर्यंत वर खोचला आणि पहिल्याच डावात धोंडीरामला बाद केलं.

"ही पोरगी कुनाची हाय?" धोंडीराम धापा टाकत म्हणाला. "हिला आमच्या संघात घ्या."

निकाहाची वेळ झाली तशी धनश्रीनं सगळ्यांना खाली बसवलं. "आता मुका खो. तोंडानं खो म्हनायचं न्हाई, पाठीला हात लावायचा. ज्याचा आवाज निघाला तो बाद."

नियमात असलं काही बसत नाही. पण काझीसाहेब पुढं बोलत होते आणि मागं बाहत्तर पोरं ओठ मिटून खेळत होती. तळव्यांचा चपचप आवाज तेवढा. कुणी पडलं तर पडलेलं पण स्वतःचं तोंड दाबून उठायचं. मागच्या रांगेतल्या पुरुषांनी माना वळवल्या. हीनानं कबूल म्हटलं, दुआ झाली, आणि त्यानंतर पोरांनी जो कल्ला केला त्यानं पंखे हलले.

मोहनराव नेमके त्याच वक्ताला आले. शुभ्र कपडे, मागं चार कार्यकर्ते. गावातलं एकही लग्न ते सोडत नसत. नवरदेवाच्या गळ्यात हार घालून वळले आणि त्यांची नजर फरशीवर गेली.

"हे कुनी केलं?"

धोंडीराम पंखा बघायला लागला. धनश्री पुढं झाली. "मी केलं काका. ऑइलपेंट हाय."

मोहनरावांनी चेहऱ्यावरचं हसू हलू दिलं नाही. पाहुण्यांना हात जोडत जोडतच ते हळूच म्हणाले, "उद्या सकाळपासून कुलूप. किल्ली मी स्वतः घेऊन जातो."

हसत हसत माणसाच्या तोंडचा घास काढायची ही कला धनश्रीनं लहानपणापासून बघितली होती. रेशनच्या दुकानात बघितली, भरतीच्या रांगेत बघितली. आज तिच्या मागं बाहत्तर पोरं उभी होती. इरशाद जेवणाची पंगत सांगायला माइक घेऊन उभा होता. तिनं त्याच्या हातातून माइक घेतला.

"मंडळी, एक मिनिट. मोहनरावकाकांनी हा हॉल पोरांना खेळायला दिलाय. लग्न नसेल तो हरेक दिवस, बारा महिने. कोनत्याबी गल्लीचं, कोनत्याबी घरचं लेकरू चालेल. फी न्हाई. फरशीवर कायमच्या रेघा मारल्यात, त्या बघा. काका, तुमच्यासारखा मानूस पायजे होता या गावाला."

टाळी पहिली कुणी वाजवली ते कळलं नाही, पण ती पडद्याच्या पलीकडून, बायकांतून आली. मग चारशे माणसांनी वाजवली. रहीमचाचा पुढं येऊन मोहनरावांना छातीला लावून भेटले. मोहनरावांनी एकदा धनश्रीकडं बघितलं, एकदा गर्दीकडं बघितलं. निवडणूक लांब नव्हती. त्यांनी माइक घेतला.

पुढं वीस मिनिटं बिर्याणी निवत राहिली. लहानपणी आपण खो-खोत कसे गाजलो होतो, ते मोहनराव सांगत होते. ज्या माणसाला उभ्या गल्लीनं कधी पळताना बघितलं नव्हतं, तो पाठशिवणीच्या युक्त्या समजावत होता. इरशाद धनश्रीच्या कानाशी म्हणाला, "ताई, माइक परत घ्या, आचारी रडायला लागलाय."

जाताना मोहनराव तिच्यापाशी थांबले. "लई शहानी झालीस."

"शिकलेली हाय काका. नोकरी न्हाई, म्हनून वेळ लई हाय."

मंगळवारी कार्यालयाच्या दारावर दहा फुटांचा फ्लेक्स लागला. त्यावर मोहनराव कमरेपासून वर, हात जोडलेले, 'बालगोपाळांसाठी अखंड क्रीडासेवा'. धनश्रीचं नाव कुठंच नव्हतं. तानाजी बघून भडकला. "मेहनत तुझी आन थोबाड त्याचं. फाडून टाकू का?"

"हात लावू नको," धनश्री म्हणाली. "रोज पुसत जा त्याच्यावरची राख. जवर हा फ्लेक्स हाय, तवर त्याला कुलूप घालता येत न्हाई."

आत धोंडीराम ओरडत होता की घागरेवाली आलीय आणि ती त्याच्याच बाजूनं खेळणार. तिच्या मागं तिच्या गल्लीतली अकरा पोरं चपला काढत होती. धनश्रीनं शिट्टी तोंडात धरली आणि आत गेली.