पडलेलं मटण

लष्कराचं मटण आजवर परदेशातून यायचं. आता सरकारने देशातलंच घ्यायचं ठरवलं होतं. नमुना पास झाला तर खाटीकमामांचं बसत चाललेलं दुकान तरणार होतं, नाहीतर टाळं ठरलेलं. म्हणून मामांनी मेंढा स्वतः निवडला, स्वतः कापला, मटण दगडासारखं गोठवून घेतलं. पेटी बांधताना तर तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसा जीव लावला.

तपासणीला मामीही सोबत गेली, कारण मोठ्या माणसांसमोर मामांची बोबडी वळते. लष्करी कोठाराच्या अंगणात अधिकारीबाईंनी हात वर केला. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर एका जवानाने मामांची पेटी कठड्याबाहेर धरली.

"अरे, थांब!" मामा हात पसरून थेट पेटीखाली धावले.

"मामा, मरायचंय का?" बाई ओरडल्या.

"मॅडम, आजोबांपासून आमच्या दुकानात खाली पडलेला तुकडा गिऱ्हाइकाला देत नाहीत!"

मामीने कपाळावर हात मारला. झालं, गेलं दुकान!

बाई मात्र रागावल्या नाहीत. "आमची मुलं बर्फात, डोंगराच्या माथ्यावर असतात. तिथे रस्ता नाही, विमान उतरत नाही. जेवण वरूनच टाकावं लागतं. पेटी फुटली की विखुरलं सगळं बर्फात. म्हणून आधी इथेच टाकून बघतो."

मामांनी मान वर केली. आजवर गिऱ्हाईक म्हणजे समोर पिशवी घेऊन उभं असलेलं, ओळखीचं माणूस. आणि इथे कुणीतरी आभाळाकडे तोंड करून त्यांच्या हातच्या मटणाची वाट बघणार होतं! एवढं मोठं काम आपल्या सुरीच्या वाट्याला यावं, याचं त्यांना भयच वाटलं.

"मॅडम, विमान तिसऱ्या मजल्याएवढंच उंच असतं का?"

"नाही. पण नियमात एवढंच आहे."

मामांनी आवारातल्या पाण्याच्या उंच टाकीकडे बोट दाखवलं. "मग तिथून टाका."

"अहो, गप्प बसा की!" मामी कुजबुजली. "होतंय ते पास होऊ दे!"

"आणि तिथे डोंगरावर फुटली तर?"

मामीने त्यांचा सदरा मागून घट्ट धरला, पुन्हा धावू नयेत म्हणून.

जवान टाकीवर चढला. पेटी सुटली. धाडकन आवाज झाला, धूळ उडाली. एक कोपरा चेपला होता, पण पेटी कुठेच फुटली नव्हती.

मामा गुडघ्यांवर बसले. जमिनीवर पडलेलं मटण त्यांनी पेटीसकट दोन्ही हातांनी उचललं आणि आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकापुढे धरलं.