दंडावरचा पट्टा आणि सिस्टरची मुंगी

मी एक जुना रबरी पट्टा आहे. मित्रांनो, पट्टा म्हटल्यावर तुमचा हात कमरेकडे गेला असेल, तर तो आधी वर घ्या. मी दंडाचा पट्टा. दवाखान्यात कुणाला सलाईन लावायचं असलं की सिस्टर आधी मला दंडावर आवळून बांधतात. मग शीर फुगून वर येते आणि त्या शिरेत कॅन्युला जाते. कॅन्युला म्हणजे सलाईन आत सोडायची बारीक नळी. पण आमच्याकडे तिला सगळे सुईच म्हणतात. कारण ती सुईबरोबरच आत जाते आणि माणसाच्या लक्षात राहते ती सुईच.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. रबराच्या झाडाचा चीक, मग कसलीशी गरम वाफ, मग कात्री, एवढंच अंधुक आठवतं. मला शुद्ध आली ती सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या एका गल्लीतल्या लहानशा दवाखान्यात. अंगाला पांढरी पावडर लावून, खोक्यात आडवा पडून मी आलो होतो. भुवनेश्वरी सिस्टरांनी मला बाहेर काढलं, दोन्ही हातांनी ताणून सोडलं आणि म्हणाल्या, "चिवट आहे." एवढं कौतुक मला पुढे फारसं मिळालं नाही, म्हणून ते अजून जपून ठेवलंय.

भुवनेश्वरी सिस्टरांचा हात हलका. रोग्याच्या तोंडाकडे बघूनच त्या ठरवतात, याच्याशी मराठीत बोलायचं की कानडीत. पण सुई टोचताना दोन्ही भाषांत त्यांचं वाक्य एकच, "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं होईल." ही मुंगी मी इतक्यांदा ऐकली आहे की मला वाटायचं, सिस्टरांच्या खिशात वारूळच असणार.

आणि मित्रांनो, ती मुंगी प्रत्येकाला वेगळी चावते! मी दंडावर बसलेला असतो. माणसाचं तोंड काय म्हणतंय ते सगळ्या वॉर्डाला ऐकू जातं, पण आत काय धडधडतंय ते फक्त मला कळतं. सारजाबाई नावाच्या एक बाई होत्या. मी अजून ट्रेमध्ये निवांत पडलेलो, तोवर त्यांनी रडायला सुरुवात केली. सुई टोचून झाली तेव्हा डोळे पुसत म्हणाल्या, "झालं? एवढंच व्हय? उगंच रडले की." आणि चहा मागवला. याउलट एक गणिताचे सर. ते सिस्टरांना म्हणाले, "मला आधी सांगा आणि मग टोचा." सिस्टरांनी सांगितलं. "आता नको, मी सांगतो तेव्हा टोचा." आम्ही सगळे थांबलो. सर काही सांगेनात. शेवटी त्यांच्या बायकोनेच सांगितलं.

महादेवप्पांची तर गंमतच. शेंगाचटणी उखळातच का कुटावी, मिक्सरला लावली की तिचं कसं वाटोळं होतं, हे ते सिस्टरांना समजावत होते. सुई गेली, चिकटपट्टी लागली, सलाईन सुरू झालं, आणि चटणी संपल्यावर त्यांनी विचारलं, "मग, टोचणार कधी?" त्यांची नाडी जराही हलली नव्हती. आणि दुसरीतल्या दानेश्वरीने तर सिस्टरांनाच अडवलं. "कुठली मुंगी? काळी का तांबडी?" सिस्टर म्हणाल्या, "काळी गं." टोचल्यावर पोरगी ओरडली, "खोटं! तांबडी होती!" आणि संध्याकाळपर्यंत येईल त्याला हात दाखवून सिस्टरांची तक्रार सांगत राहिली.

पुढे माझे दिवस फिरले. निळ्या रंगाचा, चाप असलेला एक नवा पट्टा आला. कट् करून लागायचा, कट् करून सुटायचा. मी ड्रॉवरमध्ये गेलो. तिथे एक शाई वाळलेलं पेन आणि जोडीदार हरवलेला एक हातमोजा होता. आम्ही तिघं एकमेकांना जुन्या गोष्टी सांगायचो. हातमोज्याला मात्र सांगण्यासारखं काही नव्हतं, तो कधी वापरलाच गेला नव्हता. मग एके दिवशी दुपारी बाहेर कट् ऐवजी कडाक् असा आवाज आला. निळ्या साहेबांचा चाप तुटला होता! मला आनंद झाला हे मी लपवत नाही. सिस्टरांनी मला काढलं, स्पिरिटने पुसलं आणि वॉर्डात नेलं.

वॉर्डात दोन खाटांवर दोन नवे रोगी होते. एका खाटेवर निंगव्वाआजी, अक्कलकोटच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या. दोन दिवस उलट्या-जुलाबांनी अगदी चिपाड झालेल्या. सोबत सून रुद्राणी. या आजींच्या हातच्या कडक भाकरीचं गावभर नाव. भाकरी थापताना त्यांचा उजवा हात असा फिरतो की बघणाऱ्याने बघतच राहावं, असं रुद्राणी कौतुकाने सांगत होती.

दुसऱ्या खाटेवर माढ्याकडचे भीमाअण्णा. धिप्पाड माणूस. कांद्याच्या बाजारात लिलाव पुकारायचं त्यांचं काम. ते इकडून बोलले की पलीकडच्या फाटकातला ट्रकवाला मागे वळून बघायचा. आणि एवढा माणूस सकाळपासून रक्त तपासायच्या नुसत्या गोष्टीनेसुद्धा "मेलो! मेलो!" करत होता. ताप मोजायची काचेची नळी काखेत घातली तरी त्यांनी विचारलं, "टोकाचं न्हाय न्हवं हे?" सगळा वॉर्ड त्यांना हसून दमला होता.

आजींच्या डाव्या हाताला शीर सापडेना, म्हणून मी उजव्या दंडावर बसलो. सिस्टर म्हणाल्या, "मुंगी चावल्यासारखं होईल हां आजी." सुई गेली. आजी हूं नाही की चूं नाही. नळीच्या टोकाला रक्ताचा थेंब दिसला. रक्त दिसलं की सिस्टर मला सोडतात, असा नेम आहे. त्यांचा हात माझ्या गाठीकडे निघालाच होता. इतक्यात शेजारी धप्पकन आवाज झाला. तो रक्ताचा थेंब भीमाअण्णांनी पाहिला होता आणि ते खाटेवरून खाली आले होते!

सिस्टरांनी घाईने चिकटपट्टी लावली, सलाईनची नळी जोडली आणि तिकडे धावल्या. मी बांधलेलाच राहिलो. आजींनी चारचौघांत दंड उघडा नको म्हणून पदर ओढून घेतला, वरून रुद्राणीने सोलापुरी चादर पांघरली. झालं! मी अंधारात. पुढे डोळ्यांनी दिसण्यासारखं जे घडलं, ते वॉर्डाने नंतर दहादा सांगितलं, तेच सांगतो.

भीमाअण्णांच्या तोंडावर पाणी मारून त्यांना खाटेवर चढवलं. सिस्टर वैतागल्या होत्या. म्हणाल्या, "अण्णा, आजींकडे बघा जरा! एवढी सुई गेली, आवाज आला का? माणसानं असं असावं." पलीकडून कुणीतरी म्हणालं, "खरंच की, वाघीण आहे म्हातारी." रुद्राणीचा चेहरा अभिमानाने फुलला आणि ती औषधं आणायला खाली गेली. सिस्टर भीमाअण्णांना म्हणाल्या, "अंधारी जाऊ द्या, मग तुमचं रक्त घ्यायला येते."

मित्रांनो, आता मला सांगा, ज्या म्हातारीला आत्ताच सगळ्यांनी वाघीण म्हटलं, ती "दुखतंय" असं कुठल्या तोंडाने सांगणार? माझ्याखाली तिचा हात फुगत चालला होता. बोटं जड होत होती. माझ्या पोटाशी तिची शीर ठाण ठाण उडत होती. मला फार वाईट वाटत होतं. मला सैल व्हायचं होतं, पण चिवट पडलो ना! सिस्टर लांबून विचारत, "आजी, दुखत नाही ना?" आजी कानडीत म्हणत, "इल्ला." म्हणजे नाही. पण तिची नाडी मला केव्हापासून हो, हो म्हणून सांगत होती.

भीमाअण्णा मात्र आजींच्या बाटलीवर नजर लावून बसले होते. आजींचं सलाईन जितकं सावकाश चालेल तितकी सिस्टर गुंतून राहील, असा त्यांचा हिशेब. मी शीर आवळून धरलेली, म्हणून बाटलीतून थेंबच पडत नव्हता, त्यामुळे ते खुशीत होते. मग त्यांची नजर चादरीबाहेर आलेल्या आजींच्या बोटांवर गेली. बोटं जांभळी दिसत होती.

"आजी," ते हळूच म्हणाले, "दुखालंय का?"

"इल्ला," आजी म्हणाल्या. पण डोळ्यांतून पाणी निघालं.

भीमाअण्णांनी डोळे मिटून घेतले. मग उघडले. मग पुन्हा मिटले. सिस्टरला हाक मारली की ती येणार, आणि आली की सुईसुद्धा येणार! शेवटी त्यांनी हाक मारली, "सिस्टर! हितं या!"

"अण्णा, अजून टोचलं नाही तुम्हाला!" टेबलाकडून उत्तर आलं आणि वॉर्ड खो खो हसला. सकाळपासून लांडगा आला रे आला केल्यावर आता खऱ्या लांडग्यावर कोण विश्वास ठेवणार? त्यांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा हशा. तेव्हा तो धिप्पाड माणूस उठून बसला, बाही दंडापर्यंत वर सारली, हात पुढे केला आणि लिलावाच्या आवाजात ओरडला, "सिस्टर, सुई घेऊन ये! टोच मला! आत्ताच्या आत्ता टोच!"

सिस्टर ट्रे घेऊन धावतच आल्या, न जाणो विचार बदलला तर! अण्णा म्हणाले, "टोच, पण आधी आजीचा हात बग." सिस्टरांना वाटलं, झाला बहाणा सुरू. "आधी तुमचा," म्हणत त्यांनी पट्ट्यासाठी ट्रेमध्ये हात घातला. पट्टा नाही. खिशात पाहिलं. नाही. ट्रेखाली पाहिलं. नाही. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

चादर उडाली, पदर बाजूला झाला, गाठ सुटली. मित्रांनो, सुटताना इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. डॉक्टर आले, त्यांनी ती सुई काढून टाकली, हात उशीवर उंच ठेवला, बोटं एकेक हलवायला लावली. बोटांवर हळूहळू गुलाबी रंग परतला. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर कळलं. सूज उतरेल." मग सिस्टरांकडे बघून काय म्हणाले ते मी सांगत नाही.

सिस्टरांचे डोळे भरून आले होते. "आजी, सांगायचं नाही का हो?"

आजी ओशाळून म्हणाल्या, "तुमीच म्हनाला न्हवं, मुंगी चावल्यागत हुईल म्हनून. मला वाटलं, ही मुंगी जरा जास्त येळ बसत्या." मग म्हणाल्या, "आन् सगळी वाघीन वाघीन म्हनालती. वाघीन कशी रडंल?"

मग मी भीमाअण्णांच्या दंडावर गेलो. सुई टोचताच ते असे ओरडले की खालच्या मेडिकलवाल्याने मान वर केली. पण या वेळी कुणी हसलं नाही. आणि मी तुम्हाला शपथेवर सांगतो, त्यांची नाडी आजींइतकीच उडत होती. तो माणूस नाटक करत नव्हता. त्याला खरंच तेवढं दुखत होतं. महादेवप्पांची मुंगी त्यांना कळलीसुद्धा नाही, भीमाअण्णांना चावला तो विंचूच होता. दोघंही खरे.

दुपारभर मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजल्यावर संध्याकाळी आजींच्या डाव्या हातालाही शीर सापडली, आणि तिथे नवी सुई टोचायची होती. सिस्टरांनी मुंगीचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, "आजी, दुखेल थोडं. दुखलं की ओरडायचं." सगळा वॉर्ड बघत होता. सुई गेली आणि आजींनी "यव्वाऽऽ!" अशी आरोळी ठोकली की भीमाअण्णा हात जोडून म्हणाले, "आजी, उद्यापासनं लिलावाला तुमीच चला." आजी तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांना खरंच दुखलं होतं, आणि पहिल्यांदाच ते मी सोडून दुसऱ्या कुणाला तरी कळलं होतं.

घरी जाताना भीमाअण्णांनी बाजारातून बैलांच्या गळ्यात बांधतात तसलं एक लहान घुंगरू मागवलं आणि सिस्टरांना दिलं. ते आता माझ्या टोकाला आहे. चादरीखाली राहिलो तरी जरा हात हलला की वाजतं. लहान मुलं मला बघून रडायची थांबतात. दानेश्वरी परवा पुन्हा आली होती. तिने निक्षून सांगितलं, "आज काळीच पाहिजे."

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी सुई टोचताना ओरडत असेल, तर लाजू नका. कुणी ओरडत नसेल, तर त्याला वाघ म्हणून मोकळे होऊ नका. दुखतंय का असं विचारलंत, तर उत्तर ऐकून लगेच पाठ फिरवू नका, जरा त्याच्या बोटांकडेही बघा. आणि घुंगरू वाजलं, तर आधी माझी गाठ सोडा.