एक्स्टेंशन बारा

औषधांच्या एका घाऊक दुकानाने ती काम करत होती त्या कंपनीकडे कॉम्प्युटरच्या सुरक्षा चाचणीची वर्षभराची वर्गणी भरली होती. दर महिन्याला तिने चोरासारखं त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरू पाहायचं आणि कुठे फट सापडली ते अहवालात लिहायचं. तीन महिने काहीच हाती लागलं नाही.

"चौथाही अहवाल कोरा गेला तर ते म्हणतील, यांना पोसायचं कशाला?" तिचा बॉस म्हणाला. "फोन करून बघ की."

तिने दुकानात फोन लावला. आवाज रडवेला केला. "मी गोदामातली नवीन मुलगी. बिलं उघडत नाहीयेत हो, साहेब माझी सालटी काढतील..."

"अगं, रडतेस काय अशी!" बिलिंगच्या बाई म्हणाल्या. "घे, माझा पासवर्ड लिहून घे."

अहवालात कर्मचाऱ्याचं नाव द्यायचं नाही, असा नियम होता. पुराव्याच्या कागदावर तिने बाईंच्या नावावर काळी पट्टी मारली. खालचा एक्स्टेंशन नंबर, बारा, तसाच राहिला. बारा नंबरचा फोन दुकानात एकाच टेबलावर होता.

"झकास काम केलंत," दोन दिवसांनी मालकांचा फोन आला. "त्या बाईंना आज घरी पाठवतोय."

ती तडक दुकानात पोचली.

"चूक त्यांची नाही," ती मालकांना म्हणाली. "एका पासवर्डने तुमचं अख्खं दुकान उघडतं, खरी फट ती. ती मी एका ओळीत उरकली."

"आणि बाईंवर दोन पानं? ती का?"

"मला काहीतरी ठळक दाखवायचं होतं."

"बाई राहतील," मालक म्हणाले. "तुमची वर्गणी मात्र बंद."

बाहेर बाई ड्रॉवर रिकामा करत होत्या. तिने निरोप सांगितला. बाईंनी पहिलं काय विचारलं, तर, "आणि ती गोदामातली पोर? तिला नाही ना काढलं?"

"ती मीच होते."

बाई खुर्चीत बसल्या. चष्म्याची डबी, रुमाल, गोळ्यांची पट्टी, एकेक वस्तू परत ड्रॉवरमध्ये ठेवत गेल्या.

"नोकरी राहिली, बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण उद्या खरंच कोणी रडत फोन केला, तर मी काय करू, ते तेवढं सांगून जा."

आधी फोन ठेवायचा, मग खात्री करायची, हे उत्तर तिला तोंडपाठ होतं. ते न म्हणता ती बाईंच्या समोरची खुर्ची ओढून बसली.