मी पाहिलेली न दुखणारी जखम

मी एक जुनी बॅटरी आहे, मित्रांनो. मोबाइलच्या पाठीवर लुकलुकते ती नव्हे. मी हातात धरायची, पितळी अंगाची, एकापुढे एक सेल घालायची बॅटरी. माझ्यावरचा चकचकीत मुलामा आता जागोजाग उडाला आहे आणि बटण दोनदा दाबल्याशिवाय मी पेटत नाही. तरी एक गोष्ट तुम्हाला सांगितल्यावाचून मला चैन पडायचं नाही. एकदा माझ्या उजेडात मी असं काही पाहिलं, की कितीतरी दिवस माझा जीव टांगणीला लागला होता.

निजामाचं राज्य जाऊन वीस-बावीस वर्षं झाली असतील. पिशोर गावच्या नानासाहेबांनी मला औरंगाबादच्या बाजारातून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातून, हौसेनं विकत आणलं. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. त्यांनी मला हळदकुंकू लावून घरात घेतलं. गावात बॅटरी असलेली घरं थोडीच होती. विंचू निघाला, गाय अडली, की लोक माझ्यासाठी धावत यायचे, आणि मीही मोठ्या मिजाशीत असायची. पुढं घरोघर वीज आली, नानासाहेब वारले आणि मी फडताळात जाऊन पडले. मला कुणी साधं पुसलंही नाही.

मग भारनियमन आलं. ऐन दिवेलागणीला लाईट जायची. नानासाहेबांचा मुलगा कडूबा यानं मला शोधून काढलं, राखेनं घासलं, नवे सेल घातले. घरात आता कडूबाची मुलगी कावेरीही होती. ती पाचवीत शिकत होती आणि जिभेला तिच्या हाड नव्हतं.

त्या वर्षी कावेरीला तोंड आलं. तसं का झालं, ते मला घरातल्या बोलण्यावरून कळलं. परीक्षेचं जागरण, धड जेवण नाही, शाळेसमोरच्या गाडीवरचं तिखट-आंबट चरणं, आणि त्यात घाईघाईनं खाताना तिनं आपलाच गाल चावून घेतला. मनकर्णाबाईंनी माझ्या उजेडात तिचं तोंड पाहिलं. लाल कडेचा, मुगाएवढा फोड होता. पाण्याचा घोट घेतला तरी पोरगी कळवळायची. मनकर्णाबाईंनी तिचं तिखट तोडलं, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, चघळायला जाईचा पाला दिला आणि ताटात रोज पालेभाजी, डाळ अन् दही वाढलं. पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवसापर्यंत फोड गेला.

"तोंड येतं अन् जातं. उष्णता असती," मनकर्णाबाई म्हणाल्या. मलाही ते पटलं होतं.

बरी झालेल्या कावेरीला एक खेळ सापडला. लाईट गेली की मला तोंडात धरायचं आणि गाल लालभडक करून दाखवायचे. एका संध्याकाळी तिनं हट्टानं आजीलाही आ करायला लावलं. हसत हसत मनकर्णाबाईंनी तोंड उघडलं, कावेरीनं त्यांचा खालचा ओठ ओढून धरला आणि माझा उजेड आत पडला.

मित्रांनो, ते पाहून मी गारठले. ओठाच्या आत, हिरडीपाशी, पांढरा चट्टा होता. भिंतीच्या चुन्याचा पोपडा दिसतो ना, तसा. त्याच्या मधोमध कडा वर आलेली जखम होती.

"आज्जी, इथं पांढरं हाय! अन् फोड पण!"

"तिथं मिसरी ठिवते न मी. तिचंच आसंल."

"दुखतं का?"

"नाय गं. दुखत नाय म्हंजी काय नाय."

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेल्या तंबाखूची भुकटी. गल्लीतल्या कितीतरी बाया ती दातांना घासायच्या आणि चिमूटभर ओठाच्या आत दाबून ठेवायच्या. दात स्वच्छ राहतात, असं त्यांना वाटायचं. मनकर्णाबाईंच्या ओठात आधी आग व्हायची. तेव्हा त्यांनी काय करावं? तिथंच मिश्रीची आणखी मोठी चिमूट दाबली. मिश्रीनं जागा बधिर व्हायची, आणि त्या म्हणायच्या, "बघ, गुण आला!"

एक बाजार गेला. दुसरा गेला. तिसराही गेला. ठेच्याशिवाय ज्यांचा घास उतरत नसे, त्या मनकर्णाबाई वरणात भाकरी कुस्करू लागल्या. ओठ ताणला की जखमेतून रक्त यायचं. कावेरी मला घेऊन त्यांच्या मागं मागं फिरायची. "आज्जी, एकदा दाव ना," म्हणायची. एके दिवशी मनकर्णाबाईंनी कुणी नाही असं पाहून माझं बूड फिरवलं, सेल काढले आणि तांदळाच्या डब्यात खुपसले.

मी रिकामी होऊन खुंटीला लटकत राहिले. कुणाच्या तोंडात काय वाढतंय ते मला ठाऊक होतं आणि मला ना बोलता येत होतं, ना पेटता. इतकी भीती मला अडलेल्या गायीपाशीही वाटली नव्हती.

पण कावेरीनं भातासाठी तांदूळ काढायला डबा उघडला आणि सेल तिच्या हाताला लागले. ती तशीच बापाकडे पळाली.

"पप्पा, आज्जीनं बॅटरीचे सेल लपवलेत! तिला तोंड दावायचं नाय!"

कडूबानं सेल घातले आणि आईपुढं बसला. "माय, आ कर."

"काय नाय रे झालं."

"मग सेल का लपवले?"

तेव्हा मनकर्णाबाईंचा बांध फुटला. "सारजाबाईचं बी असंच झालं होतं. शहरात नेली, अन् माघारी आली नाय. डॉक्टरनं हात लावला की वाढतं हे. मला नको नेऊ, बाबा."

सारजाबाई म्हणजे त्यांची चुलत जाऊ. कडूबाचेही डोळे भरले, पण तो हटला नाही. "काकूला गालाला आरपार भोक पडल्यावर नेलं होतं, माय. तवर कुणी बघितलंच नव्हतं. आपण उद्याच जायचं."

परतायला अंधार होईल म्हणून कडूबानं मलाही पिशवीत घेतलं. कावेरीही हट्टानं बरोबर आली. तालुक्याच्या गावी, कन्नडला, दातांच्या डॉक्टर वहिदा मॅडम होत्या. नेमकी तिथली लाईट गेलेली. कडूबानं मला पुढं केलं. मॅडमनी माझ्या उजेडात हातमोजा घातलेल्या बोटानं जखमेची कड दाबली. कड टणक लागली. मग त्यांनी जिभेखाली पाहिलं, मानेत गाठ आहे का चाचपलं. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"आजी, दुखत नाही म्हणून तुम्ही निवांत राहिलात," त्या म्हणाल्या. "साधा फोड दुखतो, ठणकतो, आणि आठ-पंधरा दिवसांत भरून येतो. गाल चावला, दाताचा टोकदार तुकडा लागला, झोप झाली नाही, अंगात रक्त कमी पडलं, तरी येतो. सारखा सारखा आला तर रक्त तपासायचं, टोकदार दात घासून घ्यायचा. पण दोन बाजार उलटूनही जखम भरली नाही, कड टणक लागली, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, रक्त यायला लागलं, तोंड पुरतं उघडेना, मानेत गाठ आली, तर तिसऱ्या बाजाराची वाट बघायची नाही. मग दुखो की न दुखो."

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जखमेचा छोटा तुकडा काढून तपासायला दिला. निकाल यायला काही दिवस होते. मनकर्णाबाईंचा हात सवयीनं मिश्रीच्या डबीकडे जायचा आणि मध्येच थांबायचा. मग त्या देवापुढं जाऊन बसायच्या.

निकाल घेऊन सगळे पुन्हा वहिदा मॅडमकडे गेले; मी पिशवीत होतेच. मॅडमनी तो वाचला. "कॅन्सरच आहे, आजी. पण अगदी सुरुवात आहे. ऑपरेशननं निघेल."

कडूबा तोंडावर रुमाल धरून रडला. मनकर्णाबाई मात्र ताठ बसून होत्या. मग मॅडमनी विचारलं, "घरात आणखी कुणी मिश्री लावतं का?"

"नाय, नाय," कडूबा म्हणाला.

कावेरीनं मान खाली घातली. "मी लावते," ती पुटपुटली. "दाढ किडली होती तवा आज्जीनं लावली होती. ठणका थांबला. मग मी रोज चोरून लावाय लागले. नाय लावली की डोकं धरतं."

स्वतःच्या कॅन्सरला न रडलेल्या मनकर्णाबाईंनी तिथं हंबरडा फोडला. त्यांनी मला पिशवीतून ओढून काढलं आणि मॅडमपुढं धरलं. "माझं ऱ्हाऊ द्या, बाई. आधी हिचं बघा!"

कावेरीच्या हिरडीवर फिकट पांढरी झाक होती. जखम नव्हती. "आजपासून सोडली तर जाईल," मॅडम म्हणाल्या, "पण मला दर महिन्याला दाखवायचं." ती झाक पुरती जाईपर्यंत आमच्या घरात कुणाला धड झोप लागली नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला माझी एकच विनवणी आहे. तंबाखू, गुटखा, मिश्री कुणी औषध म्हणून दिली तरी तोंडात घेऊ नका. रोज मऊ ब्रशनं दात घासा, जेवल्यावर चूळ भरा, ताटातली पालेभाजी टाकू नका. आणि अधूनमधून घरातल्या सगळ्यांची तोंडं उजेडात बघा. कुणी लाजेल, कुणी रागावेल, कुणी सेलही लपवेल. तुम्ही ऐकू नका.

मनकर्णाबाईंचं ऑपरेशन झालं. त्यांचा ओठ एका बाजूला ओढला गेला आणि काही शब्द आता बोबडे येतात. शेजारच्या बाया हळहळून विचारतात, "काय झालं हो तोंडाला?" त्या पदर आड धरत नाहीत. कावेरीला मला आणायला सांगतात, बटण दोनदा दाबतात आणि विचारणारीला म्हणतात, "सांगते. पण आधी तू आ कर."